बॅग, टाय आणि एक कागद

१९७३ साली धाकटा भाऊ एमआर झाला. भर मे महिन्यात गळ्यात टाय, हातात सॅम्पलची जड बॅग. गोंदियाहून नॅरोगेजने कधी बालाघाट, कधी नागभीड. डॉक्टरांचे पेशंट आटपेपर्यंत बाकावर बसून राहायचे.

शेजारी त्याला 'साहेब' म्हणत. पण कायद्याने तो साधा कामगारही नव्हता! विक्रीसाठी फिरणारा औषध प्रतिनिधी 'कामगार' नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९६१ सालीच मे अँड बेकरच्या खटल्यात ठरवले होते. दोन वर्षांनी कंपनीने त्याला तोंडी निरोपावर काढले. दाखवायला कागदही नव्हता.

१९७६ साली विक्री प्रतिनिधींसाठी वेगळा कायदा आला. नियुक्तिपत्र सक्तीचे झाले, अर्जित रजाही मिळाली. दुसऱ्या कंपनीचे ते पत्र आईने देवाजवळ ठेवले.

माझी मास्तरकीची ऑर्डर मात्र मी कपाटात टाकून विसरलो होतो.