मोटारीतील खडखडीचा माग

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग चौकजवळ सोडून कर्जतच्या रस्त्याला लागणाऱ्या मोटारचालकांना एक अनुभव हटकून येतो. काँक्रीटवर मुकाट धावणारी गाडी पहिल्या दोन-चार गतिरोधकांवरच बोलू लागते. डॅशबोर्ड कुरकुरतो, मागच्या दारात काही तरी खुळखुळते, आसनाखालून ठक असा आवाज येतो. काही गाड्यांचे नेमके उलटे असते. कर्जत-कशेळेच्या रस्त्यावर त्या गुण्यागोविंदाने चालतात आणि द्रुतगती मार्गावर ताशी ९० किलोमीटरचा वेग गाठताच सबंध केबिन घुमू लागते. दोन्ही तक्रारी गाडीतल्या आवाजाच्याच, पण त्यांची मुळे वेगळी आणि उपायही वेगळे. तरीही बहुतेक मालक एकच उपाय करतात. अॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन दारांना आणि तळाला आवाजरोधक थर बसवून घेतात. पैसे जातात, आवाज बहुधा राहतो. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी आवाज दबतो आणि बिघाड तसाच राहतो, आणि पुढे बोरघाट उतरायचा असतो.

आवाजाचे वर्णन करण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही आणि निदानाच्या कामी हीच मोठी सोय आहे. खडखड किंवा खुळखुळ म्हणजे दोन कठीण भागांमध्ये फट पडून ते एकमेकांवर आपटत आहेत. करकर, कुरकुर म्हणजे ते घासत आहेत. घरघर आणि घूं असा अखंड आवाज फिरणाऱ्या भागांचा, म्हणजे टायर, बेअरिंग वा इंजिनाचा. खड्ड्यागणिक एकदाच होणारी ठक बहुधा सस्पेन्शनची. थरथर कानापेक्षा हाताला आणि पाठीला जाणवते. गॅरेजमध्ये 'काही तरी वाजतंय' एवढेच सांगण्याऐवजी यांतला नेमका शब्द सांगितला आणि आवाज केव्हा येतो हेही सांगितले, तर निम्मे काम तिथेच होते.

कुरकुरीचे शास्त्र मजेदार आहे. प्लॅस्टिकचे दोन भाग एकमेकांवर सरकताना क्षणभर अडकतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा अडकतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडले की त्याचा स्वर होतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा आणि फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हा हेच घडते. म्हणून कुरकुरीवर स्क्रू आवळण्याचा उपयोग होईलच असे नाही; मध्ये फेल्टची मऊ पट्टी हवी. खडखडीला मात्र फट बुजवणे किंवा क्लिप बदलणे हाच इलाज. त्यातही तापमान खोडी काढते. उन्हाळ्यात कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पारा चाळिशी गाठतो आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. प्लॅस्टिक पोलादाच्या कित्येक पट प्रसरण पावते; त्यामुळे सकाळी घट्ट बसलेला भाग दुपारी दाबला जाऊन कुरकुरतो आणि रात्री आकसून वाजतो. आवाज सकाळी की दुपारी, ही नोंद म्हणूनच कामाची.

आवाजाचा माग काढण्यासाठी कार्यशाळेची गरज नसते. गाडी सुरू, पण उभी असताना इंजिनाचे फेरे वाढवल्यावर आवाज बदलला, तर दोष इंजिन, त्याचे रबरी माउंट किंवा सायलेन्सरकडे आहे. चालत्या गाडीत वेगाबरोबर बदलला, पण गिअर बदलल्याने फरक पडला नाही, तर चाकांकडे. सुकाणू वळवल्यावर आला तर पुढच्या सांध्यांकडे, ब्रेक दाबल्यावर आला तर अर्थातच ब्रेककडे. वाहन-चाचणीच्या मार्गांवर मुद्दाम ओबडधोबड दगडांची फरसबंदी केलेली असते, ती आवाज उघडे पाडण्यासाठीही. कर्जत-खालापूर परिसरात ही सोय आयती आहे. काँक्रीटचा मार्ग, जुन्या महामार्गाचे डांबर, नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंतची तीव्र चढण आणि गावांतले पेव्हर ब्लॉक तासाभराच्या अंतरात सापडतात. चाचणीच्या वेळी ऐकण्याचे काम मात्र शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे.

केबिनची झडती घेण्यापूर्वी गाडी पूर्ण रिकामी करावी. हातमोज्यांच्या कप्प्यातली नाणी, दारातल्या बाटल्या, आसनाखाली घरंगळलेली छत्री, डिकीतला जॅक आणि पाना, सैल बसलेले जादा चाक, मागची नंबर प्लेट, खांबावर आपटणारे मोकळ्या आसनपट्ट्याचे बक्कल अशा क्षुल्लक गोष्टींतच अनेकदा चोर सापडतो. त्यानंतर शेजारी बसलेल्याने डॅशबोर्ड, दाराची पॅनेल आणि छताच्या कडा तळहाताने एकेक दाबून पाहाव्यात. दाबताच आवाज थांबला की जागा मिळाली. दाराच्या रबराची कुरकुर धूळ पुसून सिलिकॉनयुक्त वंगण लावल्यावर बहुधा जाते. तिथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, रबर फुगते. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय दोन दिवस चालतो, मग त्यावर धूळ बसते. पंखा सुरू केल्यावर येणाऱ्या फरफरीचे कारण फार्महाउसवाल्यांनी झाडावर शोधावे. आंब्या-जांभळाखाली उभ्या गाडीत काचेखालच्या जाळीतून वाळलेली पाने शिरतात आणि एसीच्या ब्लोअरपर्यंत पोहोचतात.

गाडीखालचे आवाज मात्र वेगळ्या गांभीर्याने घ्यावे लागतात. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर चाकातून अचानक कर्कश खरखर सुरू झाली तर ब्रेकची चकती आणि तिच्यामागचा पत्रा यांत खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. गाडी सावकाश मागे-पुढे केल्यावर तो अनेकदा पडतो. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल वाळून बसला तरी चाकाचा तोल जातो आणि द्रुतगती मार्गावर ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान सुकाणू थरथरते. व्हील बॅलन्सिंगला जाण्यापूर्वी चाके आतून धुऊन पाहावीत. सुकाणू थरथरले तर पुढची चाके, आसन थरथरले तर मागची, असा ढोबळ नियम आहे.

व्हील बेअरिंगची घरघर ओळखायला घाटाची वळणे उपयोगी पडतात. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर, डाव्या वळणावर वाढली तर उजव्या. सुकाणू पूर्ण वळवून हळू जाताना टकटक झाली तर एक्सलचा सांधा झिजलेला असतो. गतिरोधकावरची ठक स्टॅबिलायझर लिंकची असेल तर दुरुस्ती किरकोळ आहे. बॉल जॉइंटची असेल तर चाक निखळण्याचा धोका आहे. दोन्हींचा आवाज जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे गाडी उचलून हाताने हलवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. ब्रेक दाबताना येणारी बारीक किंचाळी पुष्कळदा मुद्दाम ठेवलेली असते. अनेक ब्रेक पॅडना धातूची छोटी पट्टी असते. पॅड झिजला की ती चकतीला घासून इशारा देते. हा इशारा संगीताच्या आवाजात बुडवून बोरघाट उतरणे हा निव्वळ वेडेपणा होय.

सीएनजीच्या गाड्यांबाबत आणखी एक सावधगिरी. डिकीतली टाकी खडखडत असेल तर तिच्याभोवती चिंध्या कोंबू नयेत. तिचे पट्टे आणि बोल्ट अधिकृत केंद्रातच तपासून घ्यावेत. टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे ना, हेही त्याच फेरीत पाहावे.

एवढे सारे तपासल्यावर जो आवाज उरतो, त्याच्यासाठी आवाजरोधक थराचा विचार करता येतो. ब्यूटिल रबरावर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ही शीट पत्र्याचे कंपन शोषते आणि त्याची नगण्य उष्णता करते. पत्र्यावर बोटाने टिचकी मारली असता टणटण वाजले तर तिथे शीटचा उपयोग आहे. ठप्प वाजले तर नाही. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. मधल्या मोकळ्या भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. दोन मिलिमीटर जाडीची शीट चौरस मीटरला सुमारे तीन किलो भरते, म्हणून अख्खी गाडी मढवली तर वीस-पंचवीस किलो वजन कायमचे वाढते. फोमचे गणित निराळे आहे. तो हवेतला आवाज शोषतो, पण त्यासाठी जाडी लागते. सेकंदाला ५०० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. अर्ध्या इंचाचा फोम तिच्यापुढे काय करणार? टायरची घुमघुम त्याहूनही खालच्या पट्टीतली.

या भागात शीट बसवताना सर्वांत मोठी चूक होते ती दाराच्या तळाशी. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरतेच आणि ते खालच्या बारीक छिद्रांतून निघून जावे अशी रचना असते. घाटमाथ्याच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शीटने छिद्रे बुजली तर पहिल्याच पावसाळ्यात दारात पाणी खळखळते आणि पुढे पत्रा आतून गंजतो. ज्या गाड्यांना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात, त्यांच्या छताच्या कडांना आणि खांबांच्या आच्छादनांना तर हात लावू नये.

काही कंपने स्वभावातच असतात. ८०० फेऱ्यांवर निष्क्रिय चालणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात २०. छोट्या गाड्यांची सिग्नलवरची थरथर त्यामुळेच अधिक जाणवते. ती अचानक वाढली तर माउंट पाहावे, एरवी सोडून द्यावी. 'एनव्हीएच' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शाखेसाठी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तिथेही प्रयत्न असतो तो आवाज मुळाशी कमी करण्याचा, वरून झाकण्याचा नंतर.

राहता राहिली द्रुतगती मार्गावरची घुमघुम. काँक्रीटच्या रस्त्यांवर सर्वसाधारणपणे साडेचार मीटरवर सांधा असतो. सपाट भागातील ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत धावणारी गाडी सेकंदाला सहा सांधे ओलांडते, आणि पृष्ठभागावरच्या आडव्या रेघांचा स्वर त्यात मिसळतो. टायर कडक झालेले, एकाच बाजूने झिजलेले किंवा हवेने जास्त फुगवलेले असतील तर हा आवाज कितीतरी वाढतो. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे भरावी. अलाइनमेंट तपासून घ्यावे. टायर बदलण्याची वेळ आलीच असेल तर शीटचे पैसे त्यात घालावेत. काँक्रीटवरचा फरक तिथेच सर्वाधिक पडतो.