ट्रॉली घेताना हूक आणि पाटे कसे पारखावेत

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी अशा कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. आपल्या अनेक सभासदांची शेती अजून गावाकडे आहे, म्हणून ही माहिती देत आहोत.

बँकेत असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कर्जाच्या बऱ्याच फायली आमच्या हाताखालून गेल्या. कोटेशनमध्ये हौद्याचे माप आणि टायर असत. हूक आणि पाटे यांबद्दल एक ओळही नसे, आणि आम्हीही विचारत नसू. एका पाहणीत पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेला दिसला. तेव्हापासून आम्ही आधी वाकून हूक बघू लागलो.

भार कुठे पडतो

बैलगाडीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. मागे जास्त भरली तर गाडी उलाळते, पुढे जास्त भरली तर जू बैलांच्या मानेवर बसते. दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच. समजा, माल ६००० किलो आहे, त्याचा मध्य आखाच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे आणि आखापासून हूक ३०० सेंटिमीटरवर आहे. मालापैकी ६०० किलो भार हुकावर येईल. एवढ्याने ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड वाढते; त्याहून फार वाढला तर पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. चारचाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर राहतो. हुकावर मुख्यतः ओढ येते.

हूक आणि पिन

ट्रॉली ट्रॅक्टरच्या ठरलेल्या हुकालाच जोडावी. मागच्या आखापेक्षा उंच जागी जोडल्यास चढाला ट्रॅक्टर उलटण्याची भीती असते. पिन रिंगेच्या मापाची हवी. रिंग झिजून लांबट झाली की प्रत्येक ब्रेकला धक्का बसतो. पिनेला लॉक हवाच, शिवाय वेगळी साखळी हवी. डबल ट्रॉली असेल तर पहिलीच्या मागचा हूक चॅसीच्या मुख्य पट्टीला जोडलेला आहे का, हे पाहावे. दुसरीची सगळी ओढ त्यावरच येते.

पाटे

शेतातल्या छोट्या खेपांना बिनपाट्याची ट्रॉली चालून जाते. डांबरी रस्त्यावर रोज जायचे तर पाटे घ्यावेत. जास्त पाने म्हणजे चांगले पाटे, हा समज मात्र चुकीचा: रिकाम्या ट्रॉलीला फार ताठ पाटे उडवतात आणि तो हिसका हुकाला बसतो. भरायच्या वजनानुसार पाने ठरवावीत. तुटलेल्या पानाला वेल्डिंग करू नये. उष्णतेने त्याचा ताव जातो. यू-बोल्ट दर हंगामाआधी आवळून घ्यावेत.

उतारावर

तवंदी घाट उतरताना मागचा ऊस ट्रॅक्टरला ढकलतो. उतार लागण्याआधीच खालचा गियर टाकावा. न्यूट्रल कधीही करू नये.

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी होते, तेव्हा तिची कागदपत्रेही वेगळी मागून घ्यावीत. मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. कोटेशनवर हूक, पिन, साखळी आणि पाट्यांची पाने लिहून घ्यावीत, आणि ट्रॉली ताब्यात घेताना एकदा वाकून बघावे.