दारातला पाव

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की दौंडच्या आमच्या रेल्वे चाळीतल्या बायका पत्र्याचे डबे घेऊन भट्टीवर निघायच्या. डब्यात मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा, वर पुडीत वेलदोडा. १९७० च्या आसपासची ही गोष्ट. सकाळचे पाव निघून गेलेले असायचे आणि भट्टी उतरणीला लागलेली असायची. पावाला कडक आच लागते, नानकटाईला ती सोसत नाही, म्हणून घरगुती गिऱ्हाइकाचा नंबर दुपारनंतर. आई पायरीवर बसायची. मी आत डोकावायचे. बनियन घातलेले दोन बाप्ये लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सरकवत असायचे. एवढ्या वर्षांत त्या भट्टीच्या आत बाई दिसल्याचे मला आठवत नाही.

गेल्या वर्षी माझ्या सुनेने घरच्या ओव्हनमध्ये दालचिनीचा गोड पाव करायला घेतला, तो तोडून खायचा. तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, “घरात पाव? घरात कोणी पाव भाजतं का?” तिच्या आवाजात कौतुक नव्हते, निव्वळ आश्चर्य होते. त्या आश्चर्यामागे काय आहे हे शोधताना मी बरीच मागे गेले. इथे मांडते आहे ते त्यातलेच.

पहिली गोष्ट चुलीची. आपल्या स्वयंपाकघरात आच भांड्याच्या खाली असते. भाकरी तव्यावर टाकायची, मग चुलीच्या तोंडाशी उभी करून फुगवायची. पदार्थाला चहूबाजूंनी आच देण्याची कल्पना आपल्याला नव्हती असे मात्र नाही. कोकणात काकडीचे धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतात. विदर्भ-मराठवाड्यात रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. आंबवण्याचेही वावडे नव्हते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, आंबोळीचे पीठ रात्रभर फुगते. म्हणजे आच होती, आंबवण होते, सणासुदीपुरता का होईना गहूही होता. तरीही पाव घरात झाला नाही. तो दारात आला, आणि कित्येक घरांत दारातच थांबला.

पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. १५१० साली त्यांनी गोवा घेतला, आणि गव्हाच्या रोटीवाचून त्यांचे जेवणही होत नव्हते आणि चर्चमधला विधीही. यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची ताडी, म्हणजे गोव्याची सूर, घालून पीठ फुगवले जाऊ लागले. गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर. त्याच्या गोल, कडक पावाला तिथे उंडो म्हणतात. आपल्याकडे भाकरीच्या पिठाचा गोळा तो उंडा. पीठ हातात घेतल्यावर दोन्हीकडची माणसे एकच शब्द बोलतात, हे मला फार आवडते.

पण ताडी आली तिथेच घोटाळा झाला. आंबवायला ताडी, मळायला किरिस्तावाचे किंवा मुसलमानाचे हात, वर अंड्याची शंका. वसईकडे पिढ्यानपिढ्या सांगतात की पोर्तुगीज विहिरीत पाव टाकायचे आणि त्या विहिरीचे पाणी प्यालेले अख्खे गाव बाटायचे. वसई १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतली, गोष्ट मात्र राहिली. तिच्यातला पाव गव्हाचा असून नसल्यासारखा आहे, कारण बाटवणारा आहे तो मळणारा हात.

म्हणूनच जात मोडायला निघालेल्यांनीही पावच निवडला. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभेत शिरणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. हे सारे गुपचूप चाले. १८६० साली सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा संपली. शपथ मोडली असती तरी कदाचित निभावले असते; पाव खाल्ल्याचा बोभाटा निभावला नाही.

तीस वर्षांनी पुण्यात तेच झाले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापवून आणली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि या दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. रानड्यांनी ते घेतल्याचे शल्य रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आहे. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. बायकोला १८८३ साली एकटीला अमेरिकेला धाडणारा आणि पुढे चहाच्या कपावरून पुणे पेटवणारा माणूस एकच, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

आता आमच्या भागाकडे येते. माझे आजोळ शिरूरचे. इंग्रजांची छावणी शिरूरला पेशवाई बुडण्याच्या आधीपासूनच होती. कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघाला तो शिरूरहूनच, आणि दुसऱ्या दिवशी भीमाकाठी त्याची माणसे अन्नपाण्यावाचून लढली. गोऱ्या शिपायाच्या शिध्यात रोटी असायचीच. त्यामुळे छावणी आली की तिच्यामागे भट्टी येई. घोडनदीच्या काठी बाजरी खाणाऱ्या मुलखाला पावाचा वास आला असेल तो असा.

याच छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ साली वारला आणि शिरूरलाच पुरला गेला. लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवले. सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याला जाई. गॅझेटियरनेही त्याची नोंद घेतली आहे. आजी सत्पुरुषाचे नाव हात जोडून घ्यायची. तीच आजी पाव घरात येऊ देत नसे. साहेबाला नैवेद्य चालतो आणि साहेबाचा पाव चालत नाही, यात तिला काहीच विसंगत वाटत नव्हते. मलाही आता तितकेसे वाटत नाही. नैवेद्य आपण रांधायचा आणि द्यायचा असतो. पाव दुसऱ्याने रांधलेला आणि आपण घ्यायचा असतो. सोवळ्याचे सगळे नियम घेणाऱ्या हाताला होते.

आईचे लग्न १९६० साली दौंडच्या रेल्वेवाल्याशी झाले. शिरूर ते दौंड, न्हावरे-केडगाव-चौफुला-पाटस असा एसटीचा रस्ता, पण त्या काळात अंतर नुसते मैलांचे नव्हते. पुण्याहून सोलापूरकडे निघालेला लोहमार्ग १८५८ साली दौंडवरून गेला, १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला, आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे ड्रायव्हर, गार्ड, फायरमन, आणि त्यांच्यात अँग्लो-इंडियन कुटुंबे. स्टेशनवर टोस्ट मिळे, बाजारात लादीपाव. आमच्या घरी पाव यायचा तो ताप आल्यावर. दुधात बुडवलेला स्लाइस हे आजाऱ्याचे अन्न. इस्पितळात भेटायला जाताना ब्रेडचा पुडा न्यायचा. सरकारनेच १९६५ साली मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढून मेणकागदातला यंत्राचा ब्रेड विकायला घेतला, त्याचा मोठा फायदा माझ्या मते असा की कोणाच्या हातचा, हा प्रश्नच त्या कागदाने झाकून टाकला.

जाता-येता केडगाव लागायचे. तिथले मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचे, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना घेऊन उभे राहिलेले. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या मठात राहिल्या, तिथेच ख्रिस्ती झाल्या. तरी त्या शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंग त्यांनी नाकारले, आणि सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान दिसला. दोघींच्या पत्रव्यवहारात हा वाद आहे. धर्म बदलला आणि जीभ बदलली नाही, ही गोष्ट पुस्तकात वाचताना मोठी वाटते. आमच्या चाळीत ती रोज घडत होती, फक्त पत्रे कोणी लिहीत नव्हते.

आता तो दालचिनीचा पाव. अमेरिकेत याला मंकी ब्रेड म्हणतात. त्याचे मूळ हंगेरीत आहे. तिथल्या नावाचा अर्थ सोन्याचे गोळे. पिठाचे सुपारीएवढे गोळे करायचे, लोण्यात बुडवायचे, साखर-दालचिनीत घोळवायचे आणि एकमेकांना चिकटवून भांड्यात रचायचे. भाजताना ते फुगून एकमेकांत रुततात आणि खाताना बोटांनी सुटतात. सून कौतुकाने हे सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, अगं, ही तर लादी! आपला पाव लादीतच भाजतात. गोळे खेटून ठेवायचे, म्हणजे बाजूंना कवच धरत नाही आणि पाव मऊ राहतो. सुरी लागत नाही. हंगेरीच्या आणि आमच्या दौंडच्या भट्टीवाल्याने एकाच युक्तीने काम भागवले होते.

परकी होती ती दालचिनी, आणि तीही गोडात. ती आपल्याला नवी नाही. दारचिनी म्हणजे चीनचे लाकूड, हे नाव फारसीतून आले. खरी दालचिनी सिलोनची; तिच्यासाठी पोर्तुगीज, डच आणि इंग्रज पाळीपाळीने तिथे उतरले. आपल्या बाजारात बहुधा मिळते ती तिची जाडसर सालीची बहीण. पण मराठी घरात ती गोड्या मसाल्यात जाते, आमटीत जाते, मसालेभातात जाते. गोडाला वेलदोडा आणि जायफळ. वास आला तशी आई म्हणाली, “गोडाला मसालेभाताचा वास येतोय.”

पहिला पाव बिघडला, तो माझ्यामुळे. वास मुरावा म्हणून मी दालचिनीची पूड सरळ पिठात मळली. दोन तास झाले तरी पीठ मख्ख. दूध कोमटच होते, बोट बुडवून दहा आकडे मोजता येत होते. यीस्टही ताजे होते. नंतर वाचले तेव्हा कळले की दालचिनीच्या तेलात यीस्टला दाबण्याचा गुण आहे, म्हणून जाणकार ती पिठात न घालता बाहेरून लावतात. दुसऱ्या खेपेला ब्राउन शुगरऐवजी दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळाचा गूळ किसून घेतला. तो वितळून तळाशी गेला आणि करपला. तिसऱ्या खेपेला गूळ कमी, लोणी जास्त, एकशे ऐंशी अंशांवर पस्तीस मिनिटे, आणि जमले. अर्धा किलो मैद्याला दोन चमचे यीस्ट, दूध, चार चमचे दही. अंडे नाही.

गोळे आईने केले. पुरणाचे उंडे करणारा हात तो. सगळे गोळे एका मापाचे. पीठ तळव्यात फिरवता फिरवता तिने आपणहून काढले, “शेजारच्या बाई आठवतात का तुला?”

आठवत होत्या. अँग्लो-इंडियन, नवरा गार्ड. दिवाळीला आमच्याकडून फराळाचे ताट त्यांच्याकडे जायचे आणि नाताळला त्यांचा मनुकांचा केक बशीतून आमच्याकडे यायचा. बशी आईने कधी रिकामी परत केली नाही. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेले. मला आठवत नव्हते ते एवढेच, की त्या केकची चव कशी होती.

“तुम्हाला दिलाच नव्हता,” आई म्हणाली. “दारात घ्यायचे, छान झालाय म्हणायचे, आणि मागल्या दाराने सफाईवालीच्या पोरांना द्यायचे. अकरा वर्षं. एकदा बाईंनी विचारलं, मुलांना आवडतो ना? हो म्हटलं.”

मी परमहंस सभेचे वाचले होते, पंचहौदाचे वाचले होते. आमच्याच मागल्या दाराचे मला ठाऊक नव्हते. आणि त्या केकची चव सांगू शकतील अशी माणसे दौंडात कुठेतरी आजही असतील, ती सफाईवालीची पोरे, पण त्यांची नावे आईला आठवत नाहीत.

पाव भांड्यातून ताटात उलटा काढला. नातवाने हात घातला, चटका बसला, पुन्हा घातला. आईने एक गोळा सोडवून घेतला, फुंकला आणि सुनेकडे पाहिले.

“यात अंडं नाही ना?”

“नाही हो, आजी.”

“असतं तरी आता काय,” ती म्हणाली, आणि गोळा तोंडात टाकला.