२०० गिनींचं कुलूप

वायपरमधली पोलादी पट्टी कानशीनं घासून मी कुलूप उघडायचा आकडा बनवतो. आई विचारते, "चोऱ्या करणारेस का?" तेव्हा मला आल्फ्रेड हॉब्ज आठवतो.

लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप होतं. उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. साठेक वर्षं कुणालाच जमलं नाही. १८५१ मध्ये या अमेरिकन कुलूपवाल्यानं स्वतः घडवलेल्या हत्यारांनी ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले.

त्यावरून वाद पेटला: अशानं चोर शिकतील! पण कुलपातली खोट चोराला आधीच ठाऊक असते. अंधारात असतं ते गिऱ्हाईक. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी दाखवताना मीही हेच सांगतो.

आईसमोर मी आमच्याच दाराचं कुलूप उघडलं. दुसऱ्या दिवशी तिनं नवं आणलं.