व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी

व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी हे व्यक्तीचे, विशेषतः बालकाचे, दैनंदिन समायोजनात्मक वर्तन व सामाजिक कौशल्ये मोजण्याचे मानसशास्त्रीय साधन आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडगर डॉल यांनी ते १९३५ साली प्रसिद्ध केले. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, निरोप नीट सांगते का, शेजारपाजारी एकटे जाऊन परत येते का, अशा साध्या बाबींवरून त्याचे 'सामाजिक वय' या श्रेणीने ठरवले जाते. भारतात तिचे नागपूर येथे झालेले रूपांतर अनेक वर्षे प्रचारात असून बौद्धिक अक्षमतेचे निदान व प्रमाणपत्र यांसाठी ते वापरले जाते.

== पार्श्वभूमी ==

श्रेणीचे नाव न्यू जर्सी राज्यातील व्हाइनलँड या गावावरून पडले. तेथे मतिमंद (तत्कालीन संज्ञा) मुलांसाठी १८८८ साली एक निवासी संस्था स्थापन झाली आणि १९०६ साली तिला संशोधन प्रयोगशाळा जोडण्यात आली. प्रयोगशाळेचे पहिले संचालक हेन्री गॉडर्ड यांनी फ्रान्समधील बिने यांची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत आणली. त्यानंतर तेथे बुद्ध्यंकाला फार मोठे महत्त्व प्राप्त झाले. १९२५ मध्ये संचालकपदी आलेल्या डॉल यांना मात्र एक विसंगती जाणवत होती. सारखाच बुद्ध्यंक असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक बाहेर राहून पोट भरते आणि दुसरीला कायम आधार लागतो, याचे स्पष्टीकरण बुद्ध्यंक देत नव्हता. मतिमंदत्वाच्या व्याख्येत त्यांनी सामाजिक अक्षमतेला पहिले स्थान दिले. त्याच व्याख्येतील 'मूलतः असाध्य' हा निकष पुढे टाकून देण्यात आला, आणि ते योग्यच झाले.

मूळ श्रेणीत ११७ बाबी होत्या व त्या जन्मापासून प्रौढ वयापर्यंत सोप्याकडून अवघडाकडे लावलेल्या होत्या. प्रमाणीकरणासाठी जन्मापासून ३० वर्षांपर्यंतच्या प्रत्येक वयोगटातून १० पुरुष व १० स्त्रिया, अशा एकूण ६२० व्यक्ती निवडल्या होत्या. डॉल यांनी या सर्व कामाचा विस्तृत आढावा १९५३ च्या ग्रंथात घेतला.

== आठ क्षेत्रे ==

बाबींचे वर्गीकरण आठ क्षेत्रांत केले आहे: सामान्य स्वावलंबन, जेवणातील स्वावलंबन, पोशाखातील स्वावलंबन, स्वयंनिर्देशन, व्यवसाय, संप्रेषण, संचार आणि सामाजिकीकरण. 'व्यवसाय' या क्षेत्राचे नाव वाचून नोकरीधंद्याचा समज होतो, परंतु लहान मुलाच्या बाबतीत त्यात खेळ, हस्तकाम व घरातील छोटी कामे येतात. 'स्वयंनिर्देशन' म्हणजे पैसे हाताळणे, किरकोळ खरेदी करणे, देखरेखीविना राहणे इत्यादी.

== मुलाखत ==

ही श्रेणी रूढ अर्थाने परीक्षा नव्हे. मुलासमोर कोडी किंवा ठोकळे ठेवले जात नाहीत. त्याला रोज जवळून पाहणाऱ्या व्यक्तीची, बहुधा आईची, मुलाखत घेतली जाते. मूल काय करू शकेल, यापेक्षा ते नेहमी काय करते, यालाच येथे महत्त्व आहे. एखाद्या मुलाला बटणे लावता येत असतील, पण शाळेची वेळ टळते म्हणून रोज आजीच लावून देत असेल, तर ते कौशल्य सवयीचे झालेले नाही असे धरले जाते.

प्रश्न विचारण्याची रीत निर्णायक ठरते. "तो स्वतः जेवतो का?" असा सरळ प्रश्न केल्यास बहुतेक माता "हो" म्हणतात. "काल रात्री जेवायला बसल्यापासून उठेपर्यंत काय काय झाले ते सांगा" असे म्हटले, की भात कोणी कालवला, घास कोणी भरवला, ताटाभोवती किती सांडले, हात कोणी धुतले हे एकेक बाहेर येते. डॉल यांनीही बाबी क्रमाने वाचून दाखवण्यास मनाई केली होती. व्यवहारात गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी तीच गोष्ट घडते आणि १० मिनिटांत तक्ता भरून होतो. अशा वेळी आलेल्या अंकावर भरवसा ठेवणे कठीण आहे.

== गुणांकन ==

बाब पूर्णपणे साध्य असल्यास अधिक चिन्ह, अर्धवट वा अनियमित असल्यास अर्धा गुण आणि नसल्यास उणे चिन्ह दिले जाते. पूर्वी करत असे परंतु आजारपण वा अन्य कारणाने सध्या करत नाही, यासाठी वेगळी खूण आहे. 'संधीच मिळाली नाही' यासाठीही स्वतंत्र खूण असून तिचा गुण आजूबाजूच्या बाबींवर अवलंबून असतो: लगतच्या सर्व बाबी साध्य असतील तर पूर्ण, सर्व असाध्य असतील तर शून्य आणि मिश्र असतील तर अर्धा.

एकूण गुणांवरून तक्त्याच्या साहाय्याने सामाजिक वय काढतात. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणले की सामाजिक गुणांक मिळतो. उदाहरणार्थ, ८ वर्षांच्या (९६ महिन्यांच्या) मुलाचे सामाजिक वय ५ वर्षे (६० महिने) आले, तर त्याचा सामाजिक गुणांक ६२.५ होतो.

हा अंक एकटा फारसे सांगत नाही. गुणांक ६२ असलेले एक मूल अंघोळ, कपडे, जेवण सगळे स्वतः करून केवळ बोलण्यात मागे असू शकते, तर त्याच गुणांकाचे दुसरे मूल भरपूर बोलते, पण चड्डीची नाडी त्याला बांधता येत नाही. पहिल्याची श्रवणतपासणी आधी व्हायला हवी, दुसऱ्याला रोजच्या सरावाची गरज आहे. विशेष शिक्षकाच्या दृष्टीने आठ क्षेत्रांचा आलेख हाच खरा उपयोगाचा भाग होय.

== भारतीय रूपांतर ==

नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी श्रेणीचे भारतीय रूपांतर केले. भारतीय बालकांसाठीची 'मालिन बुद्धिमापन श्रेणी' हीदेखील त्यांचीच. रूपांतरात ८९ बाबी असून ती १५ वर्षांपर्यंतच्या वयासाठी आहे. मूळ श्रेणीत काट्याने खाणे, सुरीने पावाला लोणी लावणे, बर्फावरच्या घसरगाडीशी खेळणे अशा बाबी होत्या. भारतीय घरांतील बहुसंख्य मुलांना त्या लागू करणे अन्यायाचे ठरले असते. जे. भरत राज यांनी १९९२ मध्ये भारतीय रूपांतराची सुधारित आवृत्ती तयार केली.

तरीही संगोपनाच्या चालीरीतींचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. मराठी घरांत पाच-सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगत भरवणे हे मायेचे लक्षण मानले जाते. त्याच वयाची ग्रामीण मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळत असते. महानगरातील दहा वर्षांच्या मुलाला रहदारीच्या भीतीने एकट्याला दुकानात पाठवत नाहीत आणि आता पैसे मोबाइलवरून दिले जात असल्याने सुटे मोजून परत आणण्याची संधीही कमी झाली आहे. या सर्वांना एकाच तक्त्याने मोजताना 'संधी नाही' आणि 'क्षमता नाही' यांतील भेद मुलाखतकारालाच करावा लागतो.

== प्रमाणपत्र व कायदा ==

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बौद्धिक अक्षमतेची व्याख्या करताना बौद्धिक कार्य व समायोजनात्मक वर्तन या दोहोंतील लक्षणीय मर्यादा आवश्यक मानल्या आहेत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी या श्रेणीवरील गुणांकाला अक्षमतेच्या टक्केवारीशी जोडले: ५५ ते ६९ गुणांकास ५०, ३६ ते ५४ ला ७५, २१ ते ३५ ला ९० आणि २० वा त्याखाली १०० टक्के. कायद्यातील अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अक्षमता लागते. त्यामुळे ६९ आणि ७० या दोन अंकांमधील अंतर कुटुंबासाठी शिष्यवृत्ती, परीक्षेतील सवलत व आरक्षण यांचे अंतर ठरते. या दडपणाखाली काही पालक मुलाचे कौशल्य कमी करून सांगतात. उलट, निदान मान्य नसलेले पालक ते वाढवून सांगतात. शाळेतील शिक्षकाशी स्वतंत्रपणे बोलणे हा यावरचा साधा उपाय आहे, परंतु तो क्वचितच योजला जातो.

केवळ बुद्ध्यंकावर विसंबण्याचे दुष्परिणाम अमेरिकेत ठळकपणे दिसले होते. शाळेच्या सहा तासांपुरती 'मंद' ठरणारी, पण घरी व वस्तीत सर्व व्यवहार सांभाळणारी गरीब आणि कृष्णवर्णीय मुले विशेष वर्गांत पाठवली जात. कॅलिफोर्नियातील लॅरी पी. खटल्यात १९७९ साली न्यायालयाने अशा वर्गवारीसाठी कृष्णवर्णीय मुलांवर बुद्ध्यंक चाचण्या वापरण्यास मनाई केली.

== मर्यादा व नंतरच्या आवृत्त्या ==

वयाने भागून काढलेल्या गुणांकाचे विचलन प्रत्येक वयात सारखे नसते, हा मूळ पद्धतीतील शास्त्रीय दोष आहे. स्पॅरो, बल्ला व सिचेट्टी यांनी १९८४ मध्ये श्रेणीची पुनर्रचना करून 'व्हाइनलँड समायोजनात्मक वर्तन श्रेणी' तयार केली. तीत सरासरी १०० व प्रमाण विचलन १५ असलेले प्रमाणित गुण वापरतात. दुसरी आवृत्ती २००५ मध्ये व तिसरी २०१६ मध्ये निघाली. भारतात मात्र जुन्या श्रेणीचे रूपांतरच अधिक परिचित राहिले.

अध्यापनासाठी देशी साधनेही उपलब्ध आहेत. मद्रास विकासात्मक कार्यक्रम प्रणालीत १८ क्षेत्रांतील ३६० बाबी असून त्या सर्व 'करतो' अथवा 'करत नाही' अशा निरीक्षणयोग्य भाषेत लिहिलेल्या आहेत. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेत पेशावरिया व वेंकटेसन यांनी तयार केलेल्या बेसिक-एमआर या साधनाच्या पहिल्या भागात कौशल्ये, तर दुसऱ्या भागात समस्यात्मक वर्तन नोंदवले जाते. या साधनांवरून पुढच्या तिमाहीत मुलाला काय शिकवायचे ते थेट ठरवता येते.