ताटातले रंग, वर्गातले लक्ष

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरांनी २८ सप्टेंबर २०२४ रोजी एका लहानशा कायद्यावर सही केली. राज्यातील सरकारी शाळांत शाळेच्या वेळेत मुलांना जे अन्न दिले किंवा विकले जाते, त्यात सहा कृत्रिम रंग असता कामा नयेत, एवढेच तो सांगतो. त्यांत दोन निळे, दोन पिवळे, एक हिरवा आणि एक तांबडा रंग आहे. अंमलबजावणीची तारीख ३१ डिसेंबर २०२७ अशी घातली आहे. या रंगांमुळे कोणी दगावले म्हणून हा कायदा झाला नाही, की कर्करोगाच्या भीतीनेही झाला नाही. या रंगांमुळे काही मुलांचे लक्ष विचलित होते, ती अस्वस्थ आणि चंचल होतात, हे त्यामागचे मुख्य कारण. खाद्यरंगांच्या इतिहासात हे कारण नवे आहे. ते कायद्यापर्यंत पोचायला पन्नास वर्षे लागली आणि त्या प्रवासात शिक्षकांनी नोंदवलेल्या निरीक्षणांचाही वाटा आहे.

मुळात हे रंग अन्नात आले ते सुधारणा म्हणून! १८२० साली लंडनमध्ये फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञाने अन्नातील भेसळीवर पुस्तक लिहिले. मुलांच्या गोळ्या-मिठायांत शिशाचा शेंदूर आणि तांब्याचे क्षार घातले जातात, हे त्याने दाखवून दिले. तीसेक वर्षांनी आर्थर हॅसलने सूक्ष्मदर्शकाखाली तेच पुन्हा पाहिले. पिवळ्या मिठाईत तर लेड क्रोमेट निघाले. मग १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोयनेल बनवण्याच्या खटपटीत अपघाताने जांभळा रंग बनवला आणि कोळशाच्या डांबरापासून रंग काढण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. या रंगांत शिसे नव्हते, आर्सेनिक नव्हते (निदान असायला नको होते), आणि चिमूटभर पुरेसे होते. कापड रंगवणारी द्रव्ये हलवायाच्या आणि लोणी विकणाऱ्याच्या दुकानात सहज शिरली.

ही कापडाशी असलेली सोयरीक शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येते. रंगीत सरबतात थोडे व्हिनेगर घालून त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा काही मिनिटे उकळावा आणि मग पाण्यात खळबळून धुवावा. सरबतात डांबरापासून बनवलेला आम्लधर्मी रंग असेल तर तो लोकरीवर पक्का बसतो; फळाफुलांचा रंग बहुधा धुऊन जातो. अन्नतपासनीसांनी ही साधी चाचणी वर्षानुवर्षे वापरली आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बाजारात अन्नासाठी असे सुमारे ऐंशी रंग विकले जात. १९०६ साली तेथे शुद्ध अन्नाचा कायदा झाला आणि बर्नहार्ड हेसे या रसायनशास्त्रज्ञाकडे या ऐंशी रंगांची छाननी सोपवण्यात आली. त्यांतल्या बऱ्याच रंगांची कधी कोणी तपासणीच केली नव्हती. १९०७ साली त्याच्या यादीत उरले फक्त सात: अमरंथ, पाँसो ३ आर, ऑरेंज क्रमांक १, एरिथ्रोसिन, नॅप्थॉल यलो एस, लाइट ग्रीन एस एफ आणि नीळीपासून बनणारा इंडिगो कार्माइन. पुढे यादीत भर पडत गेली, पण या मूळ सातांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

पहिला मोठा धक्का मुलांनीच सोसला. १९५० साली हॅलोविनच्या सणाला वाटलेल्या नारिंगी मिठाईने अमेरिकेत पुष्कळ मुले आजारी पडली. त्या मिठाईत ऑरेंज क्रमांक १ हा परवानगी असलेला रंगच १ ते २ टक्के होता. एक टक्का म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. भारतातील २०११ च्या नियमांनी साधारणपणे १०० भागांची मर्यादा घातली आहे. म्हणजे त्या मिठाईत आपल्या मर्यादेच्या शंभर ते दोनशे पट रंग होता. कायद्याने रंग कोणता ते सांगितले होते, किती ते सांगितले नव्हते! १९५६ साली हा रंग यादीतून गेला. १९६० साली रंगांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात डेलानी यांच्या नावाने ओळखले जाणारे कलम आले: जो रंग माणसात किंवा प्राण्यात कर्करोग निर्माण करतो, तो कितीही कमी प्रमाणात असला तरी चालणार नाही.

यानंतर सारे लक्ष उंदरांच्या गाठींवर गेले. १९७६ साली अमरंथ रद्द झाला. त्याच्याविरुद्धचा पुरावा पक्का होता असे म्हणवत नाही; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या स्वतःच्या प्रयोगात तर उंदरांच्या गटांची सरमिसळ झाली होती. कॅनडाने तो रंग चालू ठेवला. त्याची जागा अल्युरा रेडने घेतली, तोच आज कॅलिफोर्नियाच्या यादीतला तांबडा. या साऱ्या चाचण्यांत उंदराला गाठ झाली का, यकृत सुजले का, वजन घटले का हे पाहिले जाई. उंदीर चुळबुळ करतो का, हे पाहण्याचे कारण कोणाला वाटले नव्हते.

ते कारण बेन फाइनगोल्ड यांनी दिले. सॅन फ्रान्सिस्कोचे हे ॲलर्जीतज्ज्ञ. कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि काही फळांतील सॅलिसिलेट द्रव्ये आहारातून काढली की अतिचंचल मुलांपैकी पुष्कळशी शांत होतात, असे त्यांनी १९७३ साली डॉक्टरांच्या सभेत मांडले आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. पालक धावले, शास्त्रज्ञ बिचकले. बिचकणे योग्यच होते. घरातला सारा स्वयंपाक बदलायचा, मुलाकडे रोज बारकाईने लक्ष द्यायचे आणि मग 'फरक पडला का?' असे त्याच आईला विचारायचे, याला प्रयोग म्हणता येत नाही.

म्हणून खरे प्रयोग झाले. १९८० साली बर्नार्ड वाइस आणि सहकाऱ्यांनी बावीस लहान मुलांना अधूनमधून सात रंगांचे मिश्रण दिले. कोणत्या दिवशी रंग आहे हे ना मुलाला ठाऊक, ना पालकांना. वीस मुलांत फरक दिसला नाही, एकात थोडा दिसला आणि एकात अगदी ठळक. याचा अर्थ काय लावायचा? सरासरी काढणारा म्हणेल, परिणाम नाही. त्या एका मुलाच्या शिक्षकाला विचाराल तर तो काय म्हणेल? त्याच वर्षी स्वॉन्सन आणि किन्सबोर्न यांनी अतिचंचल मुलांना रंगाची मोठी मात्रा, १०० ते १५० मिलिग्रॅम, दिली. त्या दिवशी शिकण्याच्या चाचणीतली त्यांची कामगिरी खालावली. पण ही मात्रा फार मोठी, असा आक्षेप आला आणि प्रश्न जवळजवळ वीस वर्षे बाजूला पडला.

तो पुन्हा ऐरणीवर आणला इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने. २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला हा अभ्यास मुळातून समजून घेण्याजोगा आहे. मुले अतिचंचलतेच्या दवाखान्यातली नव्हती, सामान्य वस्तीतली होती: तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४. आधी त्यांच्या आहारातून हे रंग काढले. मग सहा आठवड्यांत त्यांना रोज फळांचा रस दिला. काही आठवडे त्यात रंगांचे मिश्रण आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक होते, काही आठवडे नुसताच रस. चवीवरून किंवा रंगावरून फरक कळू नये अशी तजवीज होती. मिश्रणे दोन होती, त्यांत मिळून सहा रंग. लहान मुलांना दिवसाला २० किंवा ३० मिलिग्रॅम, म्हणजे गोड खाऊतून पोटात जाऊ शकेल एवढेच. मूल किती वेळा जागचे उठते, मध्येच बोलते, काम अर्धवट टाकते याचे गुण पालकांनी दिले, वर्गशिक्षकांनी दिले आणि वर्गात बसलेल्या निरीक्षकांनीही दिले. मोठ्या मुलांची संगणकावर लक्ष टिकवण्याची चाचणीही झाली.

सरासरी परिणाम निघाला प्रमाण विचलनाच्या ०.१८ इतका. सोप्या भाषेत सांगायचे तर चंचलतेच्या क्रमाने शंभर मुले उभी केली, तर मधोमध पन्नासावे असलेले मूल सत्तावन्नाव्या जागी सरकेल. बदल लहान आहे, पण योगायोगाने येईल इतका लहान नाही. मात्र चित्र स्वच्छ नव्हते. एका मिश्रणाचा परिणाम तीन वर्षांच्या मुलांत स्पष्ट दिसला, दुसऱ्याचा दिसला नाही. बेंझोएट दोन्हींत असल्याने दोष रंगाचा की त्याचा, हे वेगळे करता येत नाही. मला हा या प्रयोगाचा सर्वांत मोठा दुबळेपणा वाटतो. मुलामुलांत फरकही फार होता. याच गटाने २०१० साली दाखवले की शरीरातील हिस्टामिनचे विघटन करणाऱ्या जनुकाचे कोणते रूप मुलाकडे आहे, यावर परिणाम कमी-जास्त होतो. वाइस यांच्या बावीसांतल्या त्या एका मुलाची आठवण इथे होते.

हा पुरावा सर्वांसमोर आला, पण त्याचे वाचन वेगवेगळे झाले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली म्हटले की परिणाम लहान व अनिश्चित आहे, सेवनाची मर्यादा बदलण्याइतका नाही. तरीही युरोपीय संसदेने त्या सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या हालचालींवर व लक्षावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणे जुलै २०१० पासून सक्तीचे केले. पुष्कळ उत्पादकांनी इशारा छापण्याऐवजी रंगच बदलले. अमेरिकेत २०११ साली तज्ज्ञसमितीने इशारा नको असे आठ विरुद्ध सहा मतांनी ठरवले. कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण-आरोग्य विभागाने २०२१ साली मुलांवरच्या २५ प्रयोगांची छाननी केली. सोळांत काही ना काही संबंध दिसला होता. त्याहून महत्त्वाचा मुद्दा त्यांनी वेगळाच मांडला. आज चालू असलेल्या सेवनाच्या मर्यादा पस्तीस ते सत्तर वर्षांपूर्वीच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून आल्या आहेत आणि ते प्रयोग वर्तनातला बदल टिपण्यासाठी रचलेलेच नव्हते.

मग बंदी शाळेपुरतीच का? अमेरिकेत १९४६ पासून शाळेचे जेवण सरकारी मदतीने चालते. तेथे खरेदीदार सरकार आहे आणि खाणारे मूल वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचून ताट परत करत नाही. पुरावा मध्यम प्रतीचा आहे हे मान्य केले तरी दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहावे लागते. परिरक्षक काढले तर अन्न नासेल. रंग काढला तर पिठाचा फुगवलेला खाऊ फिकट दिसेल, इतकेच. म्हणून हा निर्णय मला रास्त वाटतो. मात्र बिटाच्या रसाने रंगवलेली साखरेची गोळी साखरेचीच राहते, आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असेही नाही. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २०२५ च्या मार्चमध्ये याहून पुढे जाऊन सात रंग शाळेच्या जेवणातून त्याच वर्षाच्या १ ऑगस्टपासून काढले.

कॅलिफोर्नियाच्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कार्माइन आणि फास्ट ग्रीन हे पाच भारताच्या परवानगीच्या यादीत आहेत. २०२४ साली तामिळनाडूत 'म्हातारीच्या केसां'वर बंदी आली, ती मात्र ऱ्होडामाइन बी या अन्नात परवानगीच नसलेल्या रंगामुळे. ती भेसळ होती. हा प्रश्न परवानगी असलेल्या रंगांचा आहे. आपल्याकडे शाळेतील अन्नासाठी २०२० साली वेगळे नियम झाले. त्यांचा भर चरबी, मीठ आणि साखर यांवर आहे.

राहिली हेसेची यादी. त्या सातांपैकी पाच रंग १९७६ पर्यंत गेले. एरिथ्रोसिनमुळे नर उंदरांच्या थायरॉइड ग्रंथीत गाठी होतात म्हणून तो १९९० साली सौंदर्यप्रसाधनांतून काढला गेला, पण अन्नात राहिला. ओठांना लावायला बंदी आणि खायला परवानगी, असा हा प्रकार पस्तीस वर्षे चालला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचीही परवानगी रद्द झाली. अन्न उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत मिळाली. सातवा इंडिगो कार्माइन. कॅलिफोर्नियाने शाळांतून काढायच्या दोन निळ्यांपैकी एक तोच आहे.