शेजारी बसून सांगणारं माणूस

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला. पुढे १९५५ च्या सुमारास त्यांची ग्रामगीता आली. एक्केचाळीस अध्याय, सगळे ओवीत. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही हा ग्रंथ आपला वाटला, कारण तो ऐकायचा होता. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गावातली पत्रंही अशीच वाचली जात. पोस्टमन किंवा मास्तर पत्र वाचून दाखवी, मनीऑर्डरवर साक्षीदारासमोर अंगठा उठे.

रेडिओही आधी असाच चारचौघांचा होता. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. पण यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा खरा धडा १९५६ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात मिळाला. आकाशवाणी आणि युनेस्कोने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं केली. आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ही गावं तपासली. मंडळं असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली होती, निरक्षरांच्याही. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक नव्हता. यंत्र तेच, फरक बैठकीचा!

१९५९ पासून हा प्रयोग देशभर नेला गेला. नंतर ट्रान्झिस्टर खिशात आला आणि बैठका पांगल्या.

रेडिओनंतर डिजिटल यंत्रांची पाळी आली. २०१६ मध्ये अमरावती जिल्ह्यातलंच मेळघाटातलं हरिसाल पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या निवडणूक प्रचारात मनसेचे राज ठाकरे यांनी तिथली परिस्थिती सभांमधून दाखवली आणि वाद पेटला. त्या गदारोळात गावातल्या म्हाताऱ्यांना ही यंत्रं वापरायला शिकवलं कोणी, हा प्रश्न मागेच राहिला.

आज निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पैसा मधल्या मध्ये अडत नाही, हे मोठंच काम झालं. पण तो गावातच हाती पडायला बहुधा बोटाचा ठसा लागतो. जन्मभर कापूस वेचलेल्या, निंदण-खुरपण केलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा लागत नाही. ओटीपी जातो पुण्यातल्या मुलाच्या फोनवर. डोळ्यांत मोतीबिंदू, पडद्यावरची अक्षरं बारीक. या बाईला शिकायचंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना २०२१ पासून चेहरा दाखवून घरूनच हयातीचा दाखला देता येतो. झिजलेल्या बोटांवर हा चांगला उपाय. तरीही फोन नीट धरणारा, डोळ्यांची उघडझाप कधी करायची ते सांगणारा कोणीतरी जवळ लागतोच. तो नातू असेल तर ठीक. परका असेल आणि पासबुकासह ओटीपीही त्याच्याच हाती गेला, तर म्हातारीला खात्यात काय उरलं तेही कळत नाही. म्हणून मदतीचं हे काम ग्रामपंचायतीत, सगळ्यांसमोर, ठरल्या वारी व्हायला हवं. आणि काढलेली रक्कम तिथंच मोठ्याने वाचून दाखवायला हवी.